जुन्या शेवरले कॅमेरो गाडीचा ब्रेक बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडल दाबायला मदत करणारा डबा) काढून साधे मॅन्युअल ब्रेक बसवायचे आहेत. नुसता बूस्टर काढून चालेल का?

नाही. पेडल दगडासारखं कडक होईल आणि गाडी थांबता थांबणार नाही. बूस्टरची मदत गेली की ती कसर पेडलच्या लिव्हरेजने आणि मास्टर सिलिंडरने (पेडलच्या जोराचं ब्रेक ऑइलच्या प्रेशरमध्ये रूपांतर करणारा भाग) भरून काढावी लागते.

पॉवर ब्रेकमध्ये, म्हणजे बूस्टरवाल्या ब्रेकमध्ये, पेडल रेशो (पायाचा जोर पेडल किती पट करतं ते) साधारण 4:1 असतो, मॅन्युअलला 6:1 च्या आसपास हवा. पहिल्या पिढीच्या कॅमेरोच्या पेडलवर बहुधा दोन भोकं सापडतील. पुशरॉड (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरपर्यंत नेणारा दांडा) वरच्या, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं त्या पिव्हटजवळच्या भोकात लावा. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 1⅛ इंचाऐवजी 1 इंच घेतला, तर तेवढ्याच जोरात सुमारे 27 टक्के जास्त प्रेशर मिळतं. पेडल मात्र जास्त खाली जाईल, ते चालायचंच.

सगळ्यात जपायचं ते पुशरॉडला. मॅन्युअल सिलिंडरच्या पिस्टनला खोल खाच असते, पॉवरच्या सिलिंडरला उथळ. उथळ खाचेतला रॉड निसटला की ब्रेकच गेले! रॉड आणि पिस्टनमध्ये थोडा फ्री प्ले (मोकळी जागा) ठेवा, नाहीतर ब्रेक घासत राहतील. इंजिनच्या मॅनिफोल्डवर बूस्टरची नळी लागायची ते व्हॅक्यूमचं तोंड बंद करायला विसरू नका.

इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम मोठा बसवल्यामुळे बूस्टरला व्हॅक्यूमच पुरत नसेल, तर हा खटाटोप जरूर करा. फक्त इंजिन बे मोकळा दिसावा म्हणून असेल, तर मी करणार नाही.