वाचकांचे प्रश्न : अण्वस्त्रांवर नजर ठेवतात कशी?

प्रश्न : जमिनीखालच्या अणुचाचणीनेही भूकंपासारखाच हादरा बसतो. मग दोन्हींतला फरक कसा ओळखतात?

भूकंपात खडकांचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात. त्यामुळे पहिली लहर पोचते तेव्हा काही भूकंपमापन केंद्रांवर जमीन वर उचलली जाते, काहींवर खाली ओढली जाते. स्फोट चहूबाजूंना फक्त बाहेरच ढकलतो, म्हणून पहिला धक्का सगळीकडे वरच्या दिशेनेच नोंदला जातो. शिवाय स्फोटात सुरुवातीच्या लहरी जोरकस, तर पृष्ठभागावरच्या लहरी त्या मानाने क्षीण असतात. आणि उगम वीस किलोमीटर खोल निघाला तर शंका तिथेच मिटते; इतके खोल कोणी चाचणी करत नाही.

एवढ्याने स्फोट झाला हे कळते, तो अणुस्फोटच होता हे कळत नाही. त्यासाठी हवेत झेनॉन शोधावा लागतो. अणुस्फोटात तयार होणारा हा निष्क्रिय वायू खडकाच्या भेगांतून झिरपतो. झेनॉन-१३३चा अर्धायुकाल सव्वापाच दिवसांचा, त्यामुळे उशीर झाला की पुरावा विरत जातो. उत्तर कोरियाच्या २००६च्या चाचणीचा माग कॅनडातल्या यलोनाइफ केंद्राला लागला; २००९च्या चाचणीचा झेनॉन कुठेच सापडला नाही. २०१३च्या चाचणीचा माग जपानच्या ताकासाकी केंद्राला तब्बल ५५ दिवसांनी मिळाला. झेनॉनच्या दोन प्रकारांचे परस्पर प्रमाण पाहून तो वायू किती जुना आहे हे काढता आले. अडचण अशी की अणुभट्ट्या आणि वैद्यकीय समस्थानिके बनवणारे कारखानेही झेनॉन सोडतात. म्हणून नुसता झेनॉन सापडून भागत नाही. वाऱ्याची दिशा उलटी मोजत उगमापर्यंत जावे लागते.

सर्वंकष चाचणीबंदी करारासाठी ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळांचे जाळे आखले आहे. त्यातली बहुतेक केंद्रे चालू आहेत, मात्र १९९६चा हा करार अजून लागू नाही. म्हणून संशयित जागी जाऊन तपासणी करण्याचा अधिकार आजही कागदावरच आहे.

प्रश्न : अणुबॉम्बसाठी लागणारे प्लुटोनियम थोडे थोडे करून लांबवले तर आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना कळेल का?

छोट्या अणुभट्टीत कळेल. तिथे इंधनाच्या कांड्या मोजता येतात, सील आणि कॅमेरे असतात. खरी पंचाईत वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणाऱ्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात होते. तिथे प्लुटोनियम द्रावणात असते, नळ्यांना चिकटते, टाकाऊ द्रवातही जाते. आयएईए ८ किलो प्लुटोनियमला ‘लक्षणीय मात्रा’, म्हणजे साधारण एका बॉम्बपुरता साठा, धरते. समजा, प्रकल्पातून वर्षाला ८ टन प्लुटोनियम जाते आणि मोजमापात एक टक्का चूक आहे, तर हिशेबात ८० किलोची फट पडते, म्हणजे अशा दहा मात्रा! हिशेबाची वही कितीही चोख ठेवली तरी ती फट बुजत नाही. म्हणून तिथे सतत देखरेख लागते.

मुळातच जाहीर न केलेल्या जागांचे काय, हा प्रश्न १९९१नंतर इराकचा छुपा अणुकार्यक्रम उघड झाल्यामुळे ऐरणीवर आला. त्यातून निरीक्षकांना जास्त माहिती आणि जास्त जागी प्रवेश देणारा १९९७चा अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, आला. आता निरीक्षक सुती कापडाच्या तुकड्याने भिंती, यंत्रे पुसून नेतात. त्यावरच्या सूक्ष्म कणांतून युरेनियम किती समृद्ध केले होते, म्हणजे त्यातला बॉम्बला उपयोगी भाग किती वाढवला होता, ते प्रयोगशाळेत उघड होते. जागा नंतर कितीही घासून-पुसून ठेवली तरी कण सहसा मागे राहतातच. मात्र ज्या देशांनी प्रोटोकॉल स्वीकारला त्यांनाच तो लागू होतो.

प्रश्न : अमेरिका-रशियातल्या ‘न्यू स्टार्ट’ करारातला तैनात अण्वस्त्रांच्या मर्यादेचा १,५५० हा आकडा खरा होता का?

करारापुरता खरा. पण प्रत्येक अवजड बॉम्बर एकच अण्वस्त्र म्हणून मोजला जाई, त्यावर कितीही लादता येत असली तरी. गोदामातली शस्त्रे आणि कमी पल्ल्याची अण्वस्त्रे त्यात धरलीच नव्हती. दरवर्षी १८ तपासण्यांची सोय होती. त्या २०२०मध्ये कोविडमुळे थांबल्या. २०२३मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला आणि फेब्रुवारी २०२६मध्ये कराराची मुदत संपली.