प्रिन्स ऑफ पर्शियाच्या दुसऱ्या भागात राजपुत्र एवढा का बदलतो? तो भाग वगळला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की प्रिन्स ऑफ पर्शिया या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला पहिला भाग ‘सँड्स ऑफ टाइम’ संपवून लगेच दुसरा, ‘वॉरियर विदिन’, लावला आणि अर्ध्या तासात वाटलं, हा तो राजपुत्रच नाही. चिडका, तोंडात शिव्या, सगळीकडे रक्त. एकाच मालिकेत सूर इतका कसा बदलतो, आणि हा भाग सोडून थेट तिसरा, ‘द टू थ्रोन्स’, घेतला तर काही बिघडेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे असं मला वाटतं. मात्र पुढे तिन्ही भागांची गोष्ट उघडी पडणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी पहिला भाग 2004 च्या दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला मावशीकडे खेळलो. सहावीत होतो, मराठी शाळेत, त्यामुळे राजपुत्राचं इंग्रजी मला झेपायचं नाही. मावसभाऊ शेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि मराठीत सांगत जायचा. मी दरीत कोसळलो की स्पीकरमधून एक शांत आवाज काहीतरी म्हणायचा आणि दादा लगेच म्हणायचा, “नाही नाही, असं नव्हतं झालं. थांब, परत सांगतो.” त्या सुट्टीत माझ्यासाठी ती गोष्ट सांगणारा दादाच होता. पुढे कॉलेजात सबटायटल लावून पुन्हा खेळलो तेव्हा कळलं की त्यानं एक शब्दही पदरचा घातला नव्हता. तो गेमच तसा बांधलाय.

या मालिकेचा सूर मी तिथूनच मोजतो. राजपुत्र ही गोष्ट कोणाला तरी सांगतोय. सुरुवातीला तो एका गच्चीवरून पडद्याआड शिरतो आणि म्हणतो की काळ नदीसारखा एकाच दिशेनं वाहतो असं लोकांना वाटतं, पण तसं नाही. बस, तुला गोष्ट सांगतो. तिथून शेवटापर्यंत आपण जे खेळतो ते सगळं घडून गेलेलं आहे. आपण मेलो तर सांगणाऱ्याची चूक झाली, तो मागे येऊन दुरुस्त करतो. गेम सेव्ह केला की म्हणतो, पुढच्या वेळी इथूनच सुरू करीन. मधेच बंद करायला गेलात तर विचारतो, गोष्ट पुरी न करताच जाऊ का? बाकीच्या गेममध्ये मरणं, सेव्ह करणं, बाहेर पडणं हा कोरडा कारभार असतो. इथे तोही गोष्टीत ओढून घेतलाय. राजा बोलला की वेताळ परत झाडावर आणि पुन्हा पहिल्यापासून, हे ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही रचना लगेच आपली वाटते.

जो माणूस समोर बसलेल्याला गोष्ट सांगतो तो आरडाओरडा करत नाही. म्हणून पहिल्या भागाचा आवाज मऊ आहे. युरी लोवेन्थालनं आवाज दिलेला राजपुत्र स्वतःशी बोलतो, चूक कबूल करतो, सोबतच्या फराहवर रुसतो आणि मग रुसल्याबद्दल स्वतःलाच बोलतो. शत्रूच्या अंगातून रक्त येत नाही, वाळू सांडते. राजवाड्यात सोनेरी उजेड आहे. आणि हे सगळं एका भयंकर गोष्टीत आहे: वजिराच्या नादी लागून त्यानं स्वतःच, माणसांना राक्षस करणारी काळाची वाळू मोकळी केलेली असते, आणि पहिल्या मोठ्या लढाईत समोर राक्षस होऊन उभे असतात त्याचे वडील. इतकं दुःख असूनही सूर हळवाच राहतो, कारण सांगणारा त्यातून बाहेर आलेला आहे.

फराह ही हिंदुस्थानातल्या एका महाराजाची मुलगी. गेमची सुरुवातच त्या महाराजाच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यानं होते, आणि दरवाजा आतून फितुरीनं उघडलेला असतो. एका ठिकाणी फराह राजपुत्राला लहानपणचं एक गुपित सांगते. भीती वाटली की म्हणायचा शब्द आईनं शिकवलेला, आजवर कोणाला न सांगितलेला: काकोलुकीयम. मी तो दुसऱ्यांदा खेळताना नीट ऐकला आणि गेम थांबवून बसलो. पंचतंत्राचं तिसरं तंत्र! कावळे आणि घुबडं यांचं वैर, आणि शत्रूच्या गुहेत मित्र म्हणून शिरून ती आतून जाळणारा म्हातारा कावळा. लिहिणाऱ्यानं फितूर वजिराकडे बघून हा शब्द निवडला असेल का, हे मला सांगता येणार नाही, पण मला तो तसाच लागला.

शेवटी तो शब्द परत येतो. फराह मरते. उंचावरून लोंबकळत असताना ती स्वतःच हात सोडते. राजपुत्र हातातल्या जादूच्या खंजिरानं काळ पार मागे नेतो, इतका मागे की हल्ला अजून व्हायचाय आणि फराह त्याला ओळखतच नाही. म्हणजे तो इतका वेळ गोष्ट जिला सांगत होता ती हीच! वजिराला मारल्यावर तो तिचं चुंबन घेतो, ती चिडून मागे सरते, आणि तो खंजिरानं तेवढा क्षण पुसून टाकतो. तिला तो क्षण आता आठवणार नाही. आणि ती नाव विचारते तेव्हा तो म्हणतो, मला काकोलुकीयम म्हण. एवढ्या छोट्या जागेत इतकी माया आणि इतकं एकटेपण मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये सापडलेलं नाही. ही कथा जॉर्डन मेकनरनं लिहिली होती. 1989 चा मूळ गेम त्याचाच. भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित करून त्यावरून त्यानं राजपुत्राची चाल रेखाटली होती, आणि साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं असायचं. त्या गेममध्ये बोलणं जवळपास नव्हतंच; जे सांगायचं ते चालीतून.

आता ‘वॉरियर विदिन’. बाहेरची कारणं सरळ आहेत. पहिल्या भागाची कथा आणि कोडी सगळ्यांनी वाखाणली, पण लढाया कंटाळवाण्या आहेत अशी तक्रार राहिली. म्हणून उबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओनं 2004 मध्ये लढाईच पुढे आणली: दोन हातांत दोन शस्त्रं, शत्रूला भिंतीवर आपटा, गळा आवळा, मुंडकं उडवा. राजपुत्राचा आवाज बदलून रॉबिन ॲटकिन डाउन्सचा घोगरा आवाज आला, गॉडस्मॅक या मेटल बँडची गाणी आली, तेरा वर्षांपुढचा गेम सतरापुढचा झाला. मेकनर यात नव्हता, आणि यातली हिंसा, संवाद, दृश्यशैली आपल्याला रुचली नाही असं त्यानं पुढे उघड सांगितलं. मीही काही बाबतीत त्याच्याच बाजूचा आहे. शाहदी या खलनायिकेला ज्या कपड्यांत आणि ज्या कॅमेऱ्यानं आणलंय ते हलकं आहे. फराहसारखी बरोबरीनं वाद घालणारी मुलगी लिहिलेल्या मालिकेत ते फारच खटकतं.

पण तेवढ्यावर थांबलं तर गेमवर अन्याय होतो. आतलं कारण बघा. पहिल्या भागाच्या शेवटी राजपुत्रानं जे केलं त्याची आठवण जगात फक्त त्याला आहे. फराहला नाही, वडिलांना नाही. ज्यानं वाळू मोकळी केली त्यानं मरायला हवं होतं, तो जगला, म्हणून काळाचा राखणदार दहाका सात वर्षं त्याच्या मागावर आहे. सात वर्षं पळणारा आणि आपलं दुखणं कोणाला सांगू न शकणारा माणूस कसा बोलेल? ऐकणारं माणूस गेलं म्हणून सांगणारा आवाजही गेला. या भागात मेलात तर कोणी “असं नव्हतं झालं” म्हणत नाही. मेलात म्हणजे मेलात.

दहाका मागे लागतो तेव्हा पडद्यावरचे रंग उडतात, संगीत छातीत बसतं आणि विचार करायला वेळच मिळत नाही. पहिल्या भागात याच भिंतीवरून पळताना आपण नाचतोय असं वाटायचं. इथे तीच उडी जीव मुठीत धरून.

आणि रचना तर पहिल्यापेक्षा धाडसी आहे. वाळू निर्माणच होऊ नये म्हणून राजपुत्र काळाच्या बेटावर जातो, भूतकाळात शिरतो, काळाच्या सम्राज्ञीला मारतो, आणि तिच्या मरणातूनच ती वाळू तयार होते. संकट टाळायला गेला आणि त्याचं मूळ तोच ठरला. त्याआधी बेटावर एक काळी, वाळूनं झडत चाललेली आकृती त्याच्या मागे मागे दिसत असते. आपण तिला शत्रू समजतो. एका जागी दहाका तिला पकडून ओढून नेतो, तेव्हा बरं वाटतं, एक पीडा गेली. कित्येक तासांनी राजपुत्र एक मुखवटा घालतो आणि आपण स्वतःच ती आकृती होतो. तेच दालन, तोच क्षण, फक्त आता आपण या बाजूला आणि आधीचे आपण त्या बाजूला. दहाका येतोय हे माहीत आहे. कोणाला नेणार, हेही माहीत आहे. मी त्या जागी कीबोर्डवरचा हात काढून घेतला होता. मग कळलं की जागा किंचित बदलली तर दहाका दुसऱ्याला नेतो. आपण वाचतो, पण जो मरतो तोही आपणच.

ही कथा फराहला सांगता येण्यासारखी नाहीच. म्हणून मला वाटतं, दुसऱ्या भागाचा कडवटपणा अर्धा बाजारासाठी चढवलेला आणि अर्धा कथेतून आलेला आहे. चढवलेला भाग आज जुना वाटतो, आलेला भाग अजून टोचतो.

2005 च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये युरी लोवेन्थाल परत आला, आणि गंमत बघा, निवेदनही परत आलं. आता सांगते काइलीना, म्हणजे दुसऱ्या भागाच्या एका शेवटात वाचलेली तीच सम्राज्ञी. राजपुत्र तिला घेऊन बॅबिलॉनला पोचतो तर शहर जळतंय. त्यानं वाळू निर्माणच होऊ न दिल्यामुळे पहिल्या भागातलं काही घडलंच नाही, म्हणून जुना वजीरही जिवंतच आहे. तो काइलीनाला मारतो, वाळू परत मोकळी होते आणि राजपुत्राच्या हातात भिनते. तिथून त्याच्या डोक्यात दुसरा आवाज बोलू लागतो. उर्मट, टोचून बोलणारा, तुझं तेवढं बघ, बाकीच्यांचं मरू दे म्हणणारा. अधूनमधून राजपुत्र पूर्ण त्याच्यासारखाच होतो, साखळीच्या चाबकानं लढतो, आणि पाण्यात उतरेपर्यंत माणसात येत नाही. तो आवाज कोणाचा, हे दुसरा भाग खेळलेल्याला लगेच ओळखू येतं. ‘वॉरियर विदिन’चा राजपुत्र काही गेलेला नाही, त्याला आत ठेवून घेतलाय. दोन्ही गेमचे सूर एकाच अंगात, आणि दिवसभर त्यांचं भांडण. टीका ऐकून जुना सूर नुसता पुसून टाकणं सोपं होतं. त्यांनी त्यालाच पात्र केलं, याचं मला फार कौतुक आहे.

शेवटची झुंज राजपुत्राच्या मनात होते. तो काळा राजपुत्र समोर येत राहतो आणि मारून संपत नाही. पाठ फिरवून उजेडाकडे चालत जावं लागतं, आणि तो मागून ओरडत राहतो. मग फराह विचारते, तुला माझं नाव खरंच कसं माहीत होतं? आणि राजपुत्र बोलू लागतो: काळ नदीसारखा वाहतो असं लोकांना वाटतं… तीच वाक्यं. मी हा शेवट बघून दादाला फोन केला होता. तो दुबईला होता, त्याच्याकडे दुपार होती, आणि त्यानं ते पुढचं वाक्य मला फोनवर मराठीत म्हणून दाखवलं.

यानंतरच्या गेमबद्दल थोडक्यात. 2008 च्या भागात राजपुत्र वेगळा, जग वेगळं. त्याची सोबतीण एलिका प्रत्येक वेळी हात धरून वाचवते, म्हणून मरण नाहीच, आणि एक बटण फक्त तिच्याशी बोलण्यासाठी. त्याचा शेवट खेळणाऱ्याच्या हातूनच घडवून घेतात, तो जरूर अनुभवा. 2010 चा ‘फरगॉटन सँड्स’ पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधली सात वर्षं भरायला आला, पण मला तो नीट लागला नाही. 2024 चा ‘द लॉस्ट क्राउन’ चांगलाच आहे, त्यात फारसी संवादही निवडता येतात, पण ती सारगोन नावाच्या वेगळ्याच नायकाची गोष्ट. ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं बनवायचं काम 2020 मध्ये जाहीर झालं तेव्हा ते उबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. हिंदुस्थानातल्या किल्ल्यावर सुरू होणारी गोष्ट आपल्याकडची माणसं घडवणार, याचा मला मनापासून आनंद झाला होता. ट्रेलरच्या दृश्यांवर टीका झाली आणि 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

तर ‘वॉरियर विदिन’ वगळू नका. हवं तर सोप्या पातळीवर खेळा, लढाया भराभर उरका, पण हेडफोन आणि सबटायटल लावा. आणि एक महत्त्वाचं: वाटेत आयुष्य वाढवणाऱ्या नऊ जागा लपवलेल्या आहेत, त्या सगळ्या शोधा. नऊच्या नऊ मिळाल्या तरच पाण्याची तलवार हाती येते आणि शेवटची लढाई काइलीनाशी न होता दहाकाशी होते. एखादी राहिली तर काइलीना मरते, आणि मग तिसऱ्या भागाच्या पहिल्याच दृश्यात ती जहाजावर राजपुत्राशेजारी उभी कशी, हे तुम्हाला कळणार नाही. काही जागा मागे फिरल्याशिवाय सापडत नाहीत, म्हणून सेव्हच्या दोन-तीन प्रती वेगळ्या ठेवा.