दीड वर्षाच्या मुलीला एक्झिमा आहे. सांगली-मिरजेत अ‍ॅलर्जीची टेस्ट कुठे करावी, रक्ताची की त्वचेवरची?

आधी मुलीच्या कातडीचं बघा, टेस्टचं मागनं. तुम्ही लिहिलंय की क्रीम लावलं की कमी होतं, सोडलं की परत येतं, आणि आता घरचे म्हणतात एकदाची मोठी टेस्ट करून पथ्यं ठरवून टाकू. ते 'पथ्यं ठरवून टाकू' वाचलं आणि मला राहवलं नाही.

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. माझ्या मुलाला पाचव्या महिन्यात गालांवर लाल चट्टे आले, मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत. सासूबाई म्हणाल्या इसब आहे (एक्झिमाला आमच्याकडे इसबच म्हणतात), दात येताना जाईल. दात आले, इसब तिथंच. रात्रभर खाजवायचा. हातांना मोजे घातले तर गाल गादीवर घासायचा, सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके. त्यात रोज डाळीचं पीठ आणि साय लावून चोळायचं, वर मोहरीचं तेल. मी नको म्हणायचे, पण पहिलटकरणीचं कोण ऐकतं?

पहिल्या वाढदिवसाला आमच्या वन्सं पुण्याहून आल्या. पोराची अवस्था बघून त्यांनी तिथंच फोनवर एका लॅबचं पॅकेज बुक केलं, दोनशेच्या वर पदार्थ, एकाच रक्तात. मी तेव्हाच विचारलं होतं, ह्याला दूध पिऊन आजवर कधी काही झालेलं नाही, मग दुधाची टेस्ट कशाला? मामंजी म्हणाले, लेकीनं पैसे भरलेत, करून टाका. सांगलीहून मुलगा आला आणि रक्त घेऊन गेला.

रिपोर्ट आला तो पानंच्या पानं, रंगीत. लालमध्ये दूध, दही, गहू, अंडं, शेंगदाणा, तूरडाळ, हळद, द्राक्ष. हिरव्यामध्ये ब्लूबेरी, सामन मासा, शिंपले, शतावरी. मी ते कागद मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. जे आमच्या स्वयंपाकघरात रोज शिजतं ते झाडून सगळं लाल, आणि जे आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही ते सगळं हिरवं. मी हे बोलून दाखवलं. वन्सं म्हणाल्या, मशीन खोटं बोलतं का?

मशीन खोटं बोलत नव्हतं, पण ते मोजत होतं भलतंच. ती आयजीजी टेस्ट होती, आयजीजी म्हणजे रक्तातला एक प्रकारचा प्रतिपिंड. आपण जे खातो त्याच्या विरुद्ध आयजीजी रक्तात तयार होतंच, तुमच्यात होतं, माझ्यातही. त्यावरून एवढंच कळतं की हे पोर दूध पितं आणि भाकरीबरोबर आमटी खातं. युरोप, अमेरिका, कॅनडा इथल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नाची अ‍ॅलर्जी ठरवायला ही टेस्ट वापरू नका असं स्पष्ट सांगून ठेवलंय, तरी पॅकेजं विकली जातात.

मग काय, सगळं लाल बंद. सांगली भागातल्या घरात हळद आणि दाण्याचं कूट बंद करायचं म्हणजे पोरासाठी वेगळी चूलच. ज्वारीची पेज, भात, मुगाचं पाणी, सफरचंद. इसब जिथल्या तिथं. फरक पडला तो वजनात. अंगणवाडीच्या ताई कार्डावर वजनाची रेघ काढतात ना, ती आधी आडवी झाली आणि मग हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली. ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी खायला देत नाही का पोराला?" आमच्या घरात, जिथं बेदाणा पोत्यानं असतो! त्या दिवशी मी कुणाला न विचारता त्याला घेऊन मिरजेला गेले.

तिथल्या डॉक्टरांनी रंगीत रिपोर्ट बाजूला ठेवला, आधी अंगणवाडीचं कार्ड बघितलं. मग एकेका पदार्थाबद्दल विचारत गेले, हे खाल्ल्यावर किती वेळात काय झालं? गांधी उठल्या, ओठ सुजला, उलटी झाली, श्वास लागला? दुधाला काही नाही. गव्हाला काही नाही. शेंगदाण्याला काही नाही. अंड्याला मात्र एकदा आम्लेटचा तुकडा दिल्यावर लगेच तोंडाभोवती गांधी उठल्या होत्या, ते मी सांगितलं. मग त्यांनी फक्त चार-पाच पदार्थांची त्वचेवरची टेस्ट केली. हातावर थेंब, थेंबातून बारीक टोचणी, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि पट्टीनं गांधी मोजायची. शेजारी एक हिस्टामिनचा, म्हणजे कुणाच्याही कातडीवर गांधी उठवणाऱ्या पदार्थाचा थेंब असतो, तो उठायलाच हवा, नाहीतर टेस्ट धरायची नाही. अंड्याचा थेंब टम्म उठला, ३ मिलिमीटरच्या बराच वर. बाकीचे सपाट. सपाट आलं तर त्या पदार्थाला लगेच उठणारी अ‍ॅलर्जी नाही असं बऱ्यापैकी खात्रीनं धरता येतं. उठलं तरी नुसत्या त्यावरून अ‍ॅलर्जी म्हणायची नाही, खाल्ल्यावर काय होतं तेही जुळावं लागतं. आमचं अंड्याचं जुळलं. रक्ताच्या आयजीई टेस्टचंही असंच. आयजीई हा वेगळा प्रतिपिंड, लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीतला, तो आणि आधीचा आयजीजी एक नव्हे.

दूध त्यांनी घरी सुरू करू दिलं नाही, समोर बसवून थोडं थोडं पाजलं. एक्झिमा असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ बरेच दिवस बंद ठेवला तर शरीराची त्याची सवय मोडू शकते, आणि परत देताना खरीखुरी जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणजे अ‍ॅलर्जी नसलेल्या पोराला पथ्यानं अ‍ॅलर्जी लागायची. हे ऐकून मला वन्संना तिथूनच फोन लावावासा वाटला.

आणि ते डाळीचं पीठ-साय चोळायचं, त्या उबटनाचं विचाराल तर, फुटलेल्या कातडीवर अन्न चोळलं की त्या वाटेनंही अ‍ॅलर्जी जडू शकते. मोहरीचं तेल तर कातडीचं कवच आणखी खराब करतं.

आता इलाज. इसबाचं मूळ कातडीत आहे. कवच कच्चं असतं, पाणी उडून जातं, बाहेरचं आत शिरतं. म्हणून कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत अंघोळ, न घासता टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच वरून व्हॅसलिन किंवा जे लिहून दिलंय ते भरपूर. भरपूर म्हणजे किती? लहान मुलाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागू शकतं. आपल्याकडे छोटी डबी दोन महिने पुरवतात आणि म्हणतात गुण येत नाही.

लाल चट्ट्यांवर स्टेरॉइड मलम. डॉक्टरांनी माझं बोट धरून टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूब पिळली आणि सांगितलं, एवढं मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. घरी सासूबाई ज्वारीच्या दाण्याएवढं घेऊन दोन्ही पाय उरकायच्या, भीतीपोटी. पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत लावायचं, मग आठवड्यातून दोनदा नेहमीच्या जागांवर. पंधरवड्याच्या आत पोर रात्रभर झोपायला लागलं.

वन्सं अजून कुठल्याही कार्याला भेटल्या की चारचौघांत म्हणतात, हिनं लेकराला स्टेरॉइड चोपडलं. मी आज इथं लिहूनच ठेवते. आमच्या मुलाची वाढ ज्यानं थांबली ते पथ्य होतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलेलं मलम त्याला बाधलेलं नाही. बाधतं ते मेडिकलवाल्यानं हातात ठेवलेलं, ज्यात क्लोबेटासोल नावाचं फार जोराचं स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं असतं. त्यानं चेहऱ्याची कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारनं कातडीवर लावायची १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली, तरी मिळतात. तुमचं 'लावलं की कमी, सोडलं की परत' असलं क्रीम कुठलं आहे ते ट्यूबवर वाचा आधी.

आणखी एक, बागायतदार असाल तर. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधक मारून आलेल्या कपड्यांनी बाळाला उचलू देऊ नका. मामंजींना हे सांगायला मला फार जड गेलं, पण आता ते हातपाय धुऊन, सदरा बदलूनच घेतात.

तुमचा मूळ प्रश्न. टेस्ट करूच नका असं मी म्हणत नाही. खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांधी, सूज, उलटी असं काही झालं असेल, किंवा वरचं सगळं नीट करूनही इसब हटत नसेल, तर करावी, आणि ती ठरावीक पदार्थांचीच. मिरजेत त्वचेचे आणि मुलांचे डॉक्टर भरपूर आहेत, शासकीय रुग्णालयात त्वचा विभागही आहे. त्वचेवरची टेस्ट कोण करतं हे तिथं विचारलं की कळेल. खर्च जागेनुसार बदलतो, फोन करूनच जा. खाजेचं सिरप चालू असेल तर त्वचेवरच्या टेस्टआधी साधारण आठवडाभर ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर हेलपाटा. रक्ताच्या टेस्टला ती अट नाही.

मुलीला अजून शेंगदाणा दिला नसेल आणि इसब जोराचा असेल तर पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरांना विचारा, पण उगाच लांबवू नका. २०१५ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात, जोराचा इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ज्या बाळांना अकरा महिन्यांच्या आत शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात पुढे त्याची अ‍ॅलर्जी फार कमी आढळली.

मी डॉक्टर नाही. पिवळी खपली धरून पाणी येत असेल, ताप असेल, किंवा एकाएकी बारीक फोड उठून त्यांच्या जागी खड्डे पडत असतील तर माझं हे वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. श्वास लागला तर तिथल्या तिथं दवाखाना गाठा. आणि कुणीही, डॉक्टर असो नाहीतर घरचं माणूस, एखादा पदार्थ बंद करायला सांगेल तेव्हा किती आठवडे बंद ठेवायचा, त्याऐवजी काय द्यायचं आणि परत कधी, कुणासमोर सुरू करायचा, हे तिन्ही लिहून घ्या.