डोळ्यांखाली आलेले बारीक पांढरे दाणे घरी सुईने काढले तर चालतील का?

नाही, सुई लांबच ठेवा. टाचणीच्या टोकाएवढे, १-२ मिलीमीटरचे, टणक आणि न दुखणारे दाणे असतील तर ते बहुधा 'मिलिया' आहेत. त्यात पू नसतो, त्वचेखाली अडकलेल्या केराटिनची, म्हणजे त्वचेतल्याच एका प्रथिनाची, इवलीशी गाठ असते. मुरुमासारखं तोंड नसल्यामुळे कितीही दाबलं तरी ते फुटत नाहीत, उलट डाग राहतो किंवा जंतुसंसर्ग होतो. लिंबू, टूथपेस्ट वगैरे उपायांनी फक्त आग होते.

घाई नसेल तर काहीच न करणं हाही उपायच आहे, कारण त्यांचा त्रास काही नसतो. तान्ह्या बाळाच्या नाकावरचे दाणे तर काही आठवड्यांत आपोआप जातात, त्यांना हात लावू नका. मोठ्यांमध्ये मात्र ते कित्येक महिने राहू शकतात. गालावर, कपाळावर असतील तर रात्री अडापॅलिन या मुरुमांवरच्या जेलचा पातळ थर चालतो, पण डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात नको, आणि पापण्यांजवळ तर नकोच. लवकर घालवायचे असतील तर त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक सुईने दाणा उघडून काढतात. काम मिनिटांचं असतं.

पुन्हा येऊ नयेत म्हणून डोळ्यांभोवती जाड, तेलकट क्रीम थापू नका, उन्हात सनस्क्रीन लावा. आणि 'गोरं करणारी' म्हणून मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब वापरत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पापणीवर पिवळसर चट्टे असतील तर तो प्रकार वेगळा, त्यासाठी कोलेस्टेरॉल तपासून घ्या.