आवराआवर : माडीवरची सतरा विमानं

प्रश्न : काका, आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारात तीन पिढ्या. ह्यांचं वय ८१. १९६३ साली कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेले आणि तेव्हापासून विमानं बनवत आले. खेळण्यातली म्हटलं की चिडतात, उडणारी, इंजिनाची. आता हात थरथरतो, ब्लेड धरवत नाही. दिवाळीनंतर हे घर सोडून वासणा रोडवर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं आहे. माडीवर सतरा विमानं टांगलेली आहेत, त्यातल्या एका स्पिटफायरवर इंग्रजीत ‘बडोदा’ लिहिलंय. शिवाय तीन कपाटं भरून सामान, बाटल्या, डबे, प्लॅनच्या गुंडाळ्या. टेबलावर टाचण्या मारलेला एक अर्धवट पंख चार वर्षं तसाच आहे. मुलगा टोरांटोला असतो, तो म्हणतो, ‘आई, कुणाला तरी सगळं एकदम देऊन टाक.’ ह्यांना विचारलं तर म्हणतात, ‘टाकून दे,’ आणि मग दोन दिवस बोलत नाहीत. भंगारवाला बघून गेला, वजनावर घेतो म्हणाला. शाळेला द्यावं का? की विकावं? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, मुलगा ‘देऊन टाक’ म्हणतो आणि हे ‘टाकून दे’ म्हणतात. शब्द दोनच, नुसते मागेपुढे झालेत; पण मला विचाराल तर दोघांचंही ऐकू नका. ‘सगळं एकदम’ घेणारा माणूस फक्त एकच असतो, तो तुमच्याकडे येऊन गेलाच आहे. त्याच्याकडे तराजू असतो.

मी हे पुस्तकी सांगत नाही. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली आणि रविवारी विमानं उडवली. ज्यांनी मला बाल्सा, म्हणजे विमानांचं हलकं लाकूड, कापायला शिकवलं ते गेले तेव्हा मी गावी होतो. तेराव्यानंतर परतलो तोवर घरच्यांनी एका दुपारी खोली रिकामी केली होती. इंजिनं ॲल्युमिनियमच्या भावानं गेली, लाकडाच्या पट्ट्या बंबात गेल्या. सात तयार विमानं मात्र जुन्या साड्यांत गुंडाळून, मोठ्या मानानं एका शाळेला दिली. दोन वर्षांनी त्या शाळेत गेलो तर ती प्रयोगशाळेच्या कपाटावर पडलेली, पंखांना उंदरांनी भोकं पाडलेली. मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. कुणाचा दोष? घरच्यांनी जे दिसायला देखणं होतं ते जपलं आणि जे खरंच मोलाचं होतं ते विकलं. सगळीकडे असंच होतं, म्हणून आधी हे उलटं गणित समजून घ्या.

तयार विमानाला गिऱ्हाईक सगळ्यात कमी. एका माणसाच्या हाताला बसलेलं असतं, डिंक जुना झालेला असतो, पंखाला कुठे पीळ पडलाय ते उडवल्याशिवाय कळत नाही आणि दीड मीटरचा पंख रिक्षात मावत नाही. मोल असतं ते कपाटात : न उघडलेले किट, इंजिनं, प्लॅन आणि लाकूड. हो, लाकूड. एका कपाटात तीन इंच रुंद, छत्तीस इंच लांब अशा पातळ पांढरट पट्ट्या असतील. हाच बाल्सा. मुख्यतः इक्वेडोरमधून येतो, आपल्या वखारीत मिळत नाही. पट्टीच्या टोकाला पेन्सिलीनं ११, १४, २२ असे आकडे दिसतील. ती किंमत नव्हे, ग्रॅम आहेत. एकाच मापाच्या, एक-सोळांश इंच जाडीच्या दोन पट्ट्यांत एक ११ ग्रॅमची तर दुसरी दुप्पट वजनाची निघू शकते. हलकी शेपटीला आणि रिब्जना, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्यांना, जड आणि कडक ती जिथे ताण येतो तिथे. ह्यांनी एकेक पट्टी तुमच्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली असणार (तेव्हा तुम्ही काय बोलला असाल तेही मला ऐकू येतंय). तेव्हा त्या पट्ट्या झटकून, पुसून, मापानं सारख्या करून ठेवू नका. आकड्यांसकट, आहेत त्या गठ्ठ्यांत, आडव्या राहू द्या. उभ्या ठेवल्या की वाकतात. आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुरानंतर तळमजल्यावर काही ठेवायचं धाडस तुम्ही करणार नाही, हे सांगायला नकोच.

पण लाकूड थांबेल, बाटल्या थांबणार नाहीत. सुरुवात तिथून करा, तीही याच आठवड्यात. ग्लो इंजिनाचं, म्हणजे प्लगमधल्या तापलेल्या तारेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचं, इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात तेल आणि कधी थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल पोटात थोडंसं गेलं तरी डोळे जातात, जीवही जातो. आणि पेटलं तर भर उन्हात ज्वाळ जवळजवळ दिसत नाही. मोरीत ओतू नका. डिझेल इंजिनाच्या इंधनात ईथर असतं, साधारण एक भाग ईथर, एक रॉकेल, एक एरंडेल. ईथरची बाटली वर्षानुवर्षं पडून राहिली की आत स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात. झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर बाटली हलवू नका, झाकण फिरवू नका. केमिस्ट्रीच्या जाणत्या माणसाला घरी बोलवून दाखवा. डोप (पंखावरच्या कागदाला लावायचं रोगण) आणि थिनर यांचे डबेही ज्वालाग्राही. मूव्हर्सच्या टेम्पोत भांड्यांबरोबर यातलं काहीही जाता कामा नये.

बॅटऱ्यांचंही तेच. जुन्या निकेल-कॅडमियमच्या सेलवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल, तिला उघडा हात लावू नका. चपट्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या फुगल्या असतील तर चार्ज करून ‘चालते का’ बघायचं नाही. वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत घालून गच्चीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. कुरियरनं पाठवू नका.

आता इंजिनं. तुमच्या माडीवर पाऊल टाकलं की औषधी, तेलकट वास येत असेल. ते एरंडेल. देशात सगळ्यात जास्त एरंड पिकवणाऱ्या गुजरातेत राहून आम्ही ते पोटापेक्षा इंजिनातच जास्त घातलं. एवढ्या उष्णतेत टिकणारी वंगणं थोडी, म्हणून ते लागतं; पण इंजिन पडून राहिलं की तेच आत वाळून डिंकासारखं होतं. मग प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, फिरत नाही आणि घरच्यांना वाटतं, इंजिन गेलं. गेलेलं नसतं. तुमच्याकडे हेअर ड्रायर आहे? इंजिन फडक्यावर ठेवा, टाकीची नळी काढलेली असू द्या, आजूबाजूला बाटल्या नकोत. सिलिंडरवर पाचसात मिनिटं गरम हवा सोडा, हाताला चटका बसेल इतपत. मग कापडानं प्रॉप धरून मागे-पुढे, मागे-पुढे हलवा. पूर्ण फेरा घालायची घाई नाही. आधी केसाएवढं हलतं, मग बोटभर, आणि एकदम ‘पच्च’ असा आवाज होऊन पिस्टन सुटतो. तो आवाज माडीवर झाला की खालून हे विचारतील, ‘कुठलं सुटलं?’ बघा. नाही सुटलं तर पुन्हा गरम करा. पक्कड लावलीत तर मात्र इंजिन खरंच भंगारात गेलं. सुटल्यावर गरम असेपर्यंत थांबा, मग थोडं मशीनचं तेल सोडून प्रत्येकाला वेगळ्या डब्यात, त्याच्याच नट-बोल्टांसह ठेवा. स्पॅनर आणि ग्लो-प्लग एकत्र करून मोठ्या बरणीत घालायचा मोह बायकांना फार होतो. माफ करा, पुरुषांनाही होतो, मीच केलाय.

रिमोट बघताना दोन प्रकार सापडतील. लांब ओढायची एरियल आणि मागे छोटं क्रिस्टल असलेला जुना, आणि आखूड एरियलचा २.४ गिगाहर्ट्झचा नवा. जुन्यात उडवणाऱ्या दोघांची फ्रिक्वेन्सी एकच झाली की विमान खाली. म्हणून मैदानावर एक फळी असायची आणि तिच्यावर आपापल्या फ्रिक्वेन्सीच्या नंबरचे चिमटे. तुम्हाला एखाद्या डब्यात आकडे रंगवलेले, कपडे वाळत घालायचे चिमटे मिळाले तर ते हेच, दोरीवर लावू नका. जुना रिमोट नवशिक्या पोराला देऊ नका. ज्याला जुन्या वस्तूंचं वेड आहे त्यालाच द्या, त्यातली निकामी बॅटरी काढून.

मग द्यायचं कुणाला? एनसीसीच्या एअर विंगच्या कॅडेट्सना एरोमॉडेलिंग, म्हणजे अशी छोटी विमानं बनवणं-उडवणं, हा प्रशिक्षणाचा भाग आहे, वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. कंट्रोललाइनची विमानं, म्हणजे पोलादी तारांच्या टोकाला बांधून गोल फिरवायची, तिथे आजही हवी असतात. ह्यांनी जिथून सुरुवात केली तिथे त्यांची इंजिनं परत गेली तर मला फार आवडेल. बाल्सा आणि हत्यारं इंजिनिअरिंगच्या मुलांना. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, कला भवनात, चौकशी करा. एरो डिझाइनच्या स्पर्धांसाठी धडपडणारी मुलं कॉलेजाकॉलेजांत असतात आणि त्यांना लाकूड कायम कमी पडतं. आपल्या शहरात तर २८ ऑक्टोबर २०२४ ला सी-२९५ विमानांच्या जोडणीचा कारखाना सुरू झाला, ४० विमानं इथे बनायची आहेत. म्हणजे घरात विमानाचं बोलणारी तरुण मंडळी वाढणार. शहराबाहेर रविवारी सकाळी उडवणारेही आहेत. त्यांना एक सांगा : हरणीच्या विमानतळामुळे शहराचा बराच भाग बंदीच्या किंवा परवानगीच्या पट्ट्यात येतो, २०२१ च्या ड्रोन नियमांतून आपली विमानं सुटलेली नाहीत, तेव्हा नकाशा बघूनच उडवा. आणि जानेवारीत कुणाला बोलवू नका. उत्तरायणाच्या आठवड्यात सगळं शहर गच्चीवर असतं आणि मांजा असताना शहाणा माणूस विमान काढत नाही.

विकावं का, विचारलंत. इंजिनं आणि बंद किट विका, संकोच नको. फोटोत शेजारी पट्टी ठेवा, प्रॉप फिरवताना दाब लागतो का ते लिहा. मुलांना जे द्याल त्याचेही शंभर-दोनशे रुपये घ्या. फुकट मिळालेली वस्तू होस्टेलच्या पलंगाखाली जाते, हे मी शिक्षक असून सांगतो. शाळेला द्यायचंच असेल तर ज्या शिक्षकाला स्वतःच्या हातानं कापायचं-चिकटवायचं आहे त्याला द्या, काचेच्या कपाटाला नको.

प्लॅनच्या गुंडाळ्या कुणालाही देण्याआधी झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या स्कॅनरवर उतरवून घ्या. जुन्या अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशांच्या निळसर प्रती, उजेडात फिक्या पडतात. शिवाय समासात ह्यांनी काहीतरी लिहिलं असेल : वजन, तारीख, कुठे आपटलं.

सतरा विमानांपैकी एक नव्या घरी न्या. मी म्हणेन स्पिटफायर. त्यावरचं ‘बडोदा’ हे नुसतं गावप्रेम नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला गायकवाडांच्या देणगीमुळे बडोद्याचं नाव मिळालं होतं आणि ती स्पिटफायरच उडवायची. ह्यांना ते माहीत असणारच. तुम्हाला कधी सांगितलं नसेल तर आता विचारा. बाकीच्या सोळांतलं जे कुणी समोर उभं राहून, पंख काढून, स्वतःच्या हातानं नेईल त्याला द्या. उरतील त्यांची इंजिनं आणि सर्व्हो (रिमोटच्या हुकमावर शेपटी-पंखाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी) काढून घ्या.

आणि ह्यांना ‘काय देऊ’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘टाकून दे’ हेच येणार. एकेक वस्तू खुर्चीपाशी न्या आणि विचारा, ‘हे कशाचं?’ दिवसाला चार वस्तू, चहाच्या वेळी. जे सांगतील ते तुम्ही चिठ्ठीवर लिहून वस्तूला दोऱ्यानं बांधा. दिवाळीपर्यंत पुष्कळ होईल.

राहिला तो टेबलावरचा पंख. तो फळीसकट तसाच राहू द्या. बाल्सा न्यायला जी मुलं येतील त्यांतला एखादा जास्त वेळ रेंगाळेल, त्याला पुढच्या रविवारी बोलवा. चार वर्षांत टाचण्या गंजल्या असतील. त्या सरळ वर ओढायच्या, तिरक्या ओढल्या तर रिब फाटते. हे तुम्ही त्याला सांगू नका. ह्यांना शेजारी बसवा, पहिली टाचणी तिरकी गेली की ते स्वतःच ओरडतील.