मिनीलॉग विकू नका: दुप्पट वाजणं, घरघर, उशीर आणि पेटीशी न लागणारा सूर

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड कोर्ग मिनीलॉग, म्हणजे ॲनालॉग सिंथ (सिंथेसायझर), घेतला, यूएसबीने लॅपटॉपला जोडला, त्याचा आउटपुट दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीत) दिला आणि रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये अभंगाखाली पॅड (लांब धरलेले, पसरट सूर) आणि बास वाजवायला बसलात. तर कळ एकदा दाबली तरी दोनदा वाजल्यासारखं वाटतं, तीन सुरांचा कॉर्ड धरला की एखादा सूर गळतो, रेकॉर्ड झालेला बास टाळांच्या मागे पडतो, पाठीमागे सतत घरघर आहे आणि पेटीबरोबर वाजवलं की सूर लागत नाही. म्हणून सिंथ विकून प्लगइन (कॉम्प्युटरमध्येच वाजणारा सॉफ्टवेअर सिंथ) घ्यायचा विचार आहे. कळकळीने सांगतो, विकू नका. या सगळ्या तक्रारी जोडणीच्या आहेत आणि एका शनिवार-रविवारात सुटतात. मी यातल्या प्रत्येकीत अडकलेलो आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मिनीलॉगच्या यूएसबी केबलमधून आवाज जात नाही, फक्त मिडी जातं: कुठली कळ, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली. आवाज जातो तो जॅकच्या केबलने. म्हणजे दोन वेगळे रस्ते आहेत आणि गडबड नेमकी कुठल्या रस्त्यावर आहे हे शोधणं हेच अर्धं काम.

दुप्पट आवाजाचं कारण बहुतेक लोकल कंट्रोल. तुम्ही कळ दाबता तेव्हा सिंथ स्वतः वाजतो. तीच कळ यूएसबीने रीपरमध्ये जाते, रीपर ती ट्रॅकवरून परत सिंथकडे पाठवतो आणि सिंथ पुन्हा वाजतो. मिनीलॉगला चारच व्हॉइस, म्हणजे एका वेळी चारच सूर. तीन सुरांचा कॉर्ड म्हणजे सहा मागण्या झाल्या, मग सूर गळणारच. ग्लोबल सेटिंगमध्ये जाऊन लोकल ऑफ करा. आता कळफलक फक्त रीपरमार्गेच वाजेल. रीपर बंद असताना सिंथ मुका वाटेल, तेव्हा घाबरू नका, लोकल परत ऑन करा. लोकल ऑफ करूनही आवाज पोकळ किंवा दुहेरी येत असेल, तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (इनपुटचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट कानाला देणं) आणि रीपरच्या ऑडिओ ट्रॅकचं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. एक बंद करा. मी ट्रॅकचं बंद ठेवतो, कारण डायरेक्टमध्ये उशीर जवळजवळ नसतो.

आता घरघर. इथे जरा थांबून कान द्या, कारण घरघर दोन जातींची असते. एक जाड, स्थिर गुणगुण: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती मंद्र पांढरी पाचच्या खालच्या सप्तकात, किंचित चढी ऐकू येते आणि तिच्यावर १०० हर्ट्झचा थर असतो. दुसरी बारीक चिरचिर, माउस हलवला किंवा पान सरकवलं की जिचा सूर बदलतो. ही दुसरी लॅपटॉपच्या पोटातली आहे. यूएसबीची ग्राउंड तार आणि ऑडिओ केबलची ग्राउंड तार मिळून लॅपटॉप, सिंथ आणि इंटरफेस यांच्यात एक पूर्ण वेटोळं तयार होतं आणि ती चिरचिर त्यात फिरत राहते. तपासायचं असं: ऑडिओ केबल तशीच ठेवून सिंथची फक्त यूएसबी काढा. आवाज गेला तर निदान झालं. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तेव्हाही कमी झाला तर चार्जरही सामील आहे.

उपाय म्हणजे सिंथच्या मागे असलेली पाच पिनांची गोल मिडी भोकं. मिडी पहिल्यांदा जगासमोर आलं १९८३ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात, सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून. तेव्हापासूनच त्याच्या इनपुटला ऑप्टोकपलर आहे: आत एक छोटा दिवा लुकलुकतो आणि समोरचा प्रकाशसंवेदक ते वाचतो. दोन यंत्रांमध्ये विजेची सलग वाटच राहत नाही, म्हणजे वेटोळं होत नाही. वाद्याच्या आवाजात मिडीमुळे घरघर येऊ नये याचा विचार त्या लोकांनी चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवला होता, याचं मला अजूनही फार अप्रूप आहे. तुमच्या इंटरफेसला मिडीची भोकं नसतील तर वेगळा यूएसबी-मिडी इंटरफेस घ्या, पण अगदी स्वस्तातली केबल घेऊ नका. का, ते शेवटी सांगतो.

५० हर्ट्झवाली जाड गुणगुण राहिली तर सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स (लाइनचा आवाज माइक इनपुटाजोगा करणारी डबी) मध्ये घालून माइक इनपुटात जा. मात्र एक कधीही करू नका: गुणगुण घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणं. हा सल्ला देणारे भेटतात. आमच्या जुन्या इमारतीत लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मी दोन वर्षं तसंच वाजवत होतो. शेवटी वायरमनला बोलावलं तर खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगची तारच पोचलेली नव्हती. ती जोडल्यावर झिणझिण्याही गेल्या आणि अर्धी गुणगुणही. तुमचं घर जुनं असेल तर हे आधी तपासून घ्या.

इनपुटच्या पातळीबद्दल थोडक्यात: लाइन इनपुट वापरा, गिटारचं इन्स्ट बटण बंद. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. लाल दिव्यापर्यंत जायची काही गरज नाही. मिनीलॉगचा आउटपुट मोनोच आहे, त्यामुळे दुसरा इनपुट पेटीच्या माइकला मोकळा राहतो.

बास मागे पडतो हा तुमचा खरा प्रश्न, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त अंदाजपंचे करतात. बफर (कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज साठवून हाताळतो तो तुकडा) कमी करा, असं कुणीही सांगेल. ४८००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० ठिपके) २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचे ५.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट, वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचा वेळ. पण रेकॉर्ड करताना रीपर हा उशीर स्वतःच वजा करतो. इंटरफेसचा ड्रायव्हर (त्याला कॉम्प्युटरशी जोडणारं सॉफ्टवेअर) जो आकडा सांगतो त्यावर विश्वास ठेवून. तो आकडाच चुकीचा असेल तर बफर कितीही कमी केला तरी रेकॉर्डिंग ग्रिडवर (रीपरमधल्या मात्रांच्या रेघांवर) बसणार नाही. म्हणून मोजा.

पहिली मोजणी सिंथशिवाय. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल थेट त्याच्याच इनपुटात घाला. त्याआधी डायरेक्ट मॉनिटरिंग आणि ट्रॅकचं मॉनिटरिंग दोन्ही बंद करा, नाहीतर कानठळ्या बसतील. एका ट्रॅकवर मात्रेच्या बरोब्बर सुरुवातीला एक टिचकीचा आवाज ठेवा, वाजवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मग झूम करत जा, अगदी लाटेचे ठिपके सुटे दिसेपर्यंत, आणि दोन टिचक्यांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. माझ्या इंटरफेसला ते ७१ सॅम्पल निघालं, म्हणजे जवळपास दीड मिलिसेकंद. हा आकडा प्रेफरन्सेसमध्ये, ऑडिओखाली रेकॉर्डिंगच्या पानावर मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरा आणि पुन्हा चाचणी घ्या. फरक दुप्पट झाला तर चिन्ह उलट करा. बफर किंवा सॅम्पल रेट बदललात तर मोजणी परत.

दुसरी मोजणी सिंथची. अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्य, फिल्टर पूर्ण उघडा, डिले बंद, रिलीज (कळ सोडल्यावर विरायला लागणारा वेळ) आखूड. पिआनो रोलवर (रीपरमधल्या मिडी स्वरांच्या तक्त्यावर) हाताने न वाजवता माउसने सोळा सरळ स्वर काढा, सिंथकडे पाठवा, ऑडिओ रेकॉर्ड करा. प्रत्येक स्वर ग्रिडपासून किती मागे आहे ते बघा. माझ्याकडे ते ५ ते ७ मिलिसेकंदांत राहतं. सगळे स्वर सारखेच मागे असतील तर रेकॉर्ड झालेला तुकडा तेवढा डावीकडे सरकवला की संपलं. एक ३ मागे, दुसरा १४ मागे असं हेलकावत असेल तर ते कुठल्याही एका आकड्याने सुटणार नाही. मग यूएसबी हब काढून सिंथ किंवा मिडी इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा आणि नको ती मिडी माहिती बंद करा. पाच पिनांची मिडी केबल सेकंदाला ३१,२५० बिट नेते, एका स्वराला जवळपास १ मिलिसेकंद लागतो. म्हणजे चार सुरांच्या कॉर्डातला शेवटचा सूर पहिल्याच्या सुमारे ३ मिलिसेकंद मागे. तो कानाला जाणवत नाही. पण त्याच केबलवर क्लॉक (लय सांगणारे मिडीचे ठोके), चार नॉब आणि दुसरा सिंथ लादलात तर रांग लागते.

हे आकडे बघून धास्तावू नका. हवेत आवाज एका मिलिसेकंदाला फूटभर जातो. पखवाजवाला तुमच्यापासून दोन मीटरवर बसला असेल तर त्याची थाप तुमच्या कानाला ६ मिलिसेकंद उशिरानेच पोचते आणि भजन काही बिघडत नाही. टाळांच्या मागे पडलेलं कानाला कळतंय, याचा अर्थ तुमच्याकडे २०-३० मिलिसेकंदांची चूक कुठेतरी आहे, आणि एवढी मोठी चूक पहिल्याच मोजणीत दिसेल.

अर्पेजिएटर (धरलेल्या कॉर्डाचे सूर एकेक करून वाजवणारी सोय) किंवा सिंथचा सिक्वेन्सर वापरणार नसाल तर क्लॉक पाठवूच नका. वापरणार असाल तर दोन आवर्तनं आधीपासून वाजवत या. क्लॉकचे एका क्वार्टर नोटला २४ ठोके जातात आणि सिंथला लय धरायला थोडा अवधी लागतो.

पेटीचं म्हणाल तर दोष ना पेटीचा ना सिंथचा. ॲनालॉग सिंथ सुरू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग त्याचं ऑटो ट्यूनिंग चालवा. त्यानंतर पेटीचा षड्ज ट्यूनरवर बघा. पेटीचे सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण 'ए' सुराच्या हिशेबाला चिकटून असतीलच असं नाही. माझी पेटी काळी चारला ८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी आहे, म्हणून सिंथचं मास्टर ट्यून मी ८ सेंट वर घेतो. पेटी बदलता येत नाही, सिंथ येतो. रीपरमधली प्लगइनंही तेवढीच सरकवायला विसरू नका. गायकाला नुसतं वाटतं की आज गळा बसत नाहीये.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. दहाएक वर्षांपूर्वी मी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका काकांकडून १९८० च्या दशकातला यामाहा डीएक्स ७ घेतला. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं घडवलेले ३२ आवाज होते, त्यातला एक बासरीसारखा, फुंकरीसकट. मी त्यावर एक गाणं बांधलं, सगळं मिडीत ठेवलं, ऑडिओ शेवटी करू म्हटलं. मधे आतली बॅटरी संपली. पुढच्या वेळी चालू केला तेव्हा बत्तीसच्या बत्तीस जागी कचरा. मिडी जसंच्या तसं होतं, प्रत्येक स्वर जागेवर, पण तो आवाज जगात कुठेच उरला नव्हता. काकाही तोवर गेले होते.

ती पूर्ण बँक म्हणजे फक्त ४१०४ बाइट. मिडी केबलने कॉम्प्युटरवर उतरवायला सव्वा-दीड सेकंद. सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह डंप म्हणतात ते हेच, आणि अगदी स्वस्त यूएसबी-मिडी केबली नेमका हाच लांब संदेश मधेच तोडतात, म्हणून वर बजावलं. मिनीलॉगसाठी कोर्गचं लायब्रेरियन सॉफ्टवेअर आहे, ते वापरा. आणि पॅड मनासारखा लागला की त्याच बैठकीत ऑडिओ रेकॉर्ड करून टाका, नॉब हाताने फिरवत. मिडीतल्या साध्या कंट्रोलला १२८ च पायऱ्या असतात, फिल्टर हळू उघडताना त्या ऐकू येऊ शकतात.

माझ्या प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये आता चार गोष्टी असतात: मिडी, ऑडिओ, पॅचची (सिंथमध्ये जुळवून ठेवलेल्या आवाजाची) फाइल आणि त्या पॅचवर पाच सेकंद धरलेला एक नुसता सा.