अपडेट किती दिवसांनी द्यावं?

प्रश्न : मी आणि माझा मित्र इचलकरंजीत किराणा व कापड दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. काही नवं झालं की मी लगेच अपडेट पाठवतो, कधी आठवड्यात दोनदा. दुकानदार वैतागलेत. मित्र म्हणतो, वर्षातून दोनदाच देऊ. काय करावं?
– एक वाचक

उत्तर : आधी दुकानदाराच्या तारखा बघा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० पर्यंत ३बी (कराचा गोषवारा) भरायचं असतं. त्या धांदलीत एखादं बटण जरी जागचं हललं, तरी हिशेब लिहिणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पुण्यात अपडेट काढायच्याच कामावर मी बरीच वर्षं होतो. फोन येतात ते याच दिवसांत.

म्हणून बारीकसारीक दुरुस्त्या साठवा आणि महिन्यातून एकदा, २१ नंतर द्या. नव्या सोयी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मार्चअखेर आणि दिवाळीची गर्दी दोन्ही त्यातून सुटतात. मित्राचा सहा महिन्यांचा बेत मला पटत नाही. इतके बदल एकदम गेले आणि बिल चुकलं, तर कशामुळे चुकलं ते शोधताना तुम्ही दोघंच रात्र रात्र जागाल. उबुंटू ही संगणकप्रणाली एप्रिल-ऑक्टोबर अशी सहामाही चालते खरी, पण त्यामागे तपासणारी मोठी फौज आहे. त्यांच्याकडून एवढं घ्या : तारखेला जे तयार नाही, ते पुढच्या खेपेला.

बेरीज चुकतेय, नोंदी पुसल्या जाताहेत, सुरक्षेत भोक आहे – इथे तारीख बघू नका. त्याच दिवशी द्या, पण तेवढीच दुरुस्ती; सोबत नवीन काही घुसडू नका. कायद्याचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे दर बदलले. त्या सकाळी दुकान उघडताना बिलात नवा दर हवाच होता.

आणि सगळ्यांना एकदम कधीच पाठवू नका. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट एकाच वेळी जगभर गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. तुमच्या ओळखीची चार-पाच दुकानं आधी, तातडीचं नसेल तर दोन दिवसांनी बाकीची. जुनी आवृत्ती परत बसवायची सोय ठेवा. काय बदललं ते तीन ओळींत, मराठीत, आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळवा; अपडेट रात्री दुकान बंद झाल्यावर बसू दे, आणि ‘नंतर करा’ हे बटण मोठं ठेवा.